फुलीवरचं कुंकू

मळ्यातलं घर, ता. कराड
८ जून २०२५

चि. सृष्टी हीस,
तात्यांचा आणि काकीचा आशीर्वाद. आम्ही इकडं ठणठणीत आहोत, तू तिकडं वेळेवर जेवत जा.

पत्रास कारण की, परवा तुझा बाप आप्पासो पलूसहून आला होता. त्यानं माझ्या पाटीवर लिहून दाखवलं की पोरगी सांगलीत बसून अरबांच्या नीतिविचारावर प्रबंध लिहितीय. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. आपल्या खानदानात नीतीवर कुणी काही लिहील असं कुणाला वाटलं होतं! पण लय बरं वाटलं. फोन करून सांगावं तर फोन माझ्या कानाला लावला काय आणि म्हशीच्या शिंगाला लावला काय, सारखंच. कान गेल्यापासून मी पत्रावरच आहे, पलटणीत असल्यासारखा.

आता कामाचं. लेबनॉनला शांतिसेनेत निळी टोपी घालून होतो, तेव्हा तिथल्या एका मास्तरने मला एक हातानं लिहिलेलं पुस्तक दिलं. त्यांचा पवित्र ग्रंथ आहे. एकोणीस वर्षं आपल्या देव्हाऱ्यात तांबड्या फडक्यात आहे. दसऱ्याला माझ्या तलवारीशेजारी त्याची पूजा होते. पहिल्याच पानावर चौकोन, चौकोनात गोल आणि गोलात फुली अशी आकृती आहे, आपल्या यंत्रासारखी. तुझी काकी दरवर्षी त्या फुलीवर हळदकुंकू वाहते. बाकीची पानं मी उघडली न्हाईत. दुसऱ्याची ठेव उघडायची नसते, असं आईनं शिकवलंय.

पण आता साठी आली. मी गेल्यावर पोरं ते रद्दीत घालतील. मास्तर तर तेव्हाच गेला. त्याचं कुणी मागं असेल तर त्याची वस्तू त्याला पोचवून मोकळं व्हावं, एवढी एकच गोष्ट डोक्यात आहे. म्हणून आज देवाला विचारून मधलं एक पान उघडलं आणि कराडात झेरॉक्स करून आणलं. सोबत जोडलंय. कुणाचं नावगाव सापडतंय का बघ. फोनवर फोटो काढून पाठवा म्हणू नको, ठेव अशी हवेत सोडत नसतात.

पाऊस आहे, ऊस बरा आहे. तुझ्या घरमालकीणबाईंना नमस्कार सांग. माया आहेच, ती पत्रानं वाढव.
तुझा तात्या, नाथाजी


सांगली
१७ जून २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

तात्या, तुमचं पान मी उभ्या उभ्या वाचलं आणि आमच्या घरमालकीण राजमती काकूंच्या अंगणात अक्षरशः नाचले. काकूंना वाटलं माझं लग्न ठरलं! तुम्ही माझ्यासाठी काय सांभाळून ठेवलंय, तुम्हाला कल्पना नाही.

आधी कान पकडते. हा धर्मग्रंथ नाही. ही एका शाळामास्तरची धड्यांची वही आहे, मुलांना नीती शिकवण्यासाठी लिहिलेली. माझा विषय नेमका हाच आहे. जुन्या अरबी नीतिग्रंथांत बराच भर असायचा तो माणसाच्या सद्गुणांवर, राजानं आणि घरधन्यानं कसं वागावं यावर. दीडशे वर्षांपूर्वी छापखाने आले, शाळा आल्या, वर्तमानपत्रं आली, आणि मग साधे मास्तर विचारू लागले की साध्या माणसानं, कुणी बघत नसताना, कसं वागावं. मोठ्या लेखकांवर पुष्कळांनी लिहिलंय. पण खेड्यातल्या मास्तरनं ते विचार पोरांपर्यंत कसे पोचवले, याचा कागद कुणाकडे नसतो. तो आपल्या देव्हाऱ्यात आहे! माझं एक अख्खं प्रकरण यावर उभं राहील.

तुम्ही पाठवलेला धडा 'अमाना'चा, म्हणजे आपल्या अमानतीचा आहे. त्यातलं एक वाक्य तुमच्यासाठी उतरवते: 'ठेव जपली म्हणजे फिटली, असे समजू नका मुलांनो. ज्याची त्याला पोचली, म्हणजे फिटली.' मास्तर तुमच्याच मनातलं बोलतोय बघा.

एक गंमत. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं. तुम्ही ज्याला शेवट समजता तिथे सुरुवात आहे, आणि तुमचं ते यंत्राचं पहिलं पान हे खरं तर शेवटचं पान. तर तिकडून क्रमाने झेरॉक्स पाठवाल का? आणि मास्तरांविषयी आठवेल ते सगळं लिहा. काकींना सांगा, आखाडात पुरणपोळी खायला नक्की येते.

कृपा आहे, ती अशीच राहू द्या.
आपली सृष्टी


मळा, ता. कराड
४ जुलै २०२५

चि. सृष्टी हीस,
आशीर्वाद. सोबत तुझ्या बाजूनं पहिली चाळीस पानं आहेत. झेरॉक्सवाल्यानं माझ्या पाटीवर लिहिलं, आजोबा, उर्दू शिकताय व्हय!

ग्रंथ न्हाई म्हटल्यावर मला जरा ठेच लागली, खोटं कशाला सांगू. काकी तर ऐकायलाच तयार न्हाई. ती म्हणते, एकोणीस वर्षं हळदकुंकू घेतलं म्हणजे देवच झाला तो. आणि मास्तरचं ते वाक्य मला टोचलं. जपली म्हणजे फिटली न्हाई, असं म्हणतोय होय? बरं.

मास्तरचं नाव मुनीर. आमची चौकी गावाबाहेर, तेलाच्या जुन्या घाण्याला लागून होती. ते लोक आपल्या करडईसारखं ऑलिव्हचं तेल काढतात. घाणा बंद पडलेला, पडका. मास्तर रोज संध्याकाळी त्या वाटेनं जायचा, हातात भाकरीची पिशवी. आम्हाला एखादी द्यायचा. आमचा दुभाषी गावचाच होता, तो जवळ असला की मास्तर गप्प बसायचा. का, ते कधी कळलं न्हाई.

लढाई पेटायच्या आदल्या आठवड्यात दुभाषी जेवायला गेलेला बघून तो आला. दोन्ही हातांनी वही माझ्यापुढं धरली, तेच यंत्राचं पान उघडून. फुलीवर बोट ठेवून तीन-तीनदा म्हणाला, अमाना, अमाना. पुढं बरंच बोलला, पण मला तेवढा एकच शब्द कळला, कारण तो आपल्यातलाच. मी टोपी काढली आणि त्या फुलीला कपाळ टेकवलं. मास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे हात धरून छातीला लावले आणि अगदी निवांत होऊन गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघितलंय.

चार दिवसांनी त्याच्या घरावर गोळा पडला. दुसऱ्या दिवशी आमच्या चौकीजवळ पडला, त्यात माझे कान गेले. रस्ते बंद, म्हणून तसाच आठ दिवस तिथं होतो. गावची कुत्री घाण्यापाशी येऊन बसलेली, हलायची न्हाईत. दगड मारून हाकलायचो. आपल्या पलूसचा इंद्रजित माझ्या हाताखाली होता. तो पाटीवर लिहायचा, हवालदारसाहेब, घाण्यातनं ठकठक येतीय. मी म्हणायचो, गड्या, तुझेबी कान गेले. अजून भेटला की त्यावरनं हसतो आम्ही.

काकी म्हणते आखाड लागला, पुरणाला कवा येणार? वाट बघतोय.
तुझा तात्या


सांगली
२८ जुलै २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

चाळीसही पानं वाचून झाली. धडे फार सुंदर आहेत. एका धड्यात मास्तर विचारतात की वरिष्ठाचा हुकूम पाळला, तर पापाची जबाबदारी हुकूम देणाऱ्याची की पाळणाऱ्याची? दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या लेखकांचे दाखले देतात आणि शेवटी म्हणतात, आतला न्यायाधीश हुकूम बघत नाही, हात बघतो. तात्या, तुम्ही पलटणीतले, तुम्हाला हे पटेल की राग येईल?

पण छत्तिसाव्या पानानंतर काहीतरी बदलतं. धडे थांबतात. अक्षर घाईचं होतं. मुलांना उद्देशून लिहिणं बंद होऊन 'वलीद, माझ्या भावा' असं सुरू होतं. हा वलीद एका टोळीत होता आणि बंदूक टाकून पळून आला, एवढं कळलं. 'तू माझाच धडा ऐकलास, म्हणून तुझा भार माझ्यावर' असं मास्तर लिहितात. चाळिसावं पान अर्ध्या वाक्यात संपलं आहे.

मास्तरांना भाऊ होता का? तुम्ही त्याला पाहिलं होतं? पुढची पानं जमेल तितक्या लवकर पाठवा. का कोण जाणे, मी रोज दारात उभी राहून पोस्टमनची वाट बघते. राजमती काकू म्हणतात, अभ्यास कमी कर, तोंड उतरलंय. आखाडाचं राहूनच गेलं, काकींची माफी मागते.

लोभ आहे, तो कमी होऊ देऊ नये.
आपली सृष्टी


मळा, ता. कराड
७ ऑगस्ट २०२५

चि. सृष्टी हीस,
आशीर्वाद. राहिलेली अकरा पानं सोबत. यंत्राच्या पानावर अक्षर नव्हतं आणि कुंकवानं ते लालभडक झालंय, म्हणून ते झेरॉक्स केलं न्हाई.

मास्तरला भाऊ होता, पण तो ब्राझीलला गेला असं गाव सांगायचं. मी कधी बघितला न्हाई. तो जिवंत असेल तर वही त्याचीच. पत्ता सापडला की मला कळव, मी रजिस्टर पोस्टानं पाठवतो. एवढं झालं की मी मोकळा. गेल्या दसऱ्यापासून मास्तर स्वप्नात येतो, नुसता उभा राहतो. आता सांगीन त्याला, पोचली बाबा तुझी वस्तू.

सांगलीला कृष्णेचं पाणी चढतंय म्हणे. तुझ्या घरापर्यंत येत न्हाई न्हवं? सांभाळून राहा आणि उलटटपाली लिही.
तुझा तात्या


सांगली
२३ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

पानं मिळाली. पाणी उतरलं, काळजी नसावी. आम्ही सगळे मजेत आहोत. राजमती काकूंनी काल उकडीचे मोदक शिकवले, माझे सगळे फुटले.

वाचन जरा हळू चाललंय, अक्षर अवघड आहे. वलीदचा नीट पत्ता असा लागत नाही. तुम्ही त्याचा विचार करू नका. मी दसऱ्याच्या आधी येतेच आहे, तेव्हा समोरासमोर बोलू. तोपर्यंत ते शेवटचं पान फडक्यातून काढू नका. कुंकूही राहू द्या तसंच.

काकींना नमस्कार.
आपली सृष्टी


मळा
३१ ऑगस्ट

सृष्टी बाळास काकीचा आशीर्वाद.
मी काय लिवनारी बाई न्हाई, पर आज बसले. तुजं पत्र त्यांनी धाबारा येळा वाचलं. म्हनलं, बघा पोरीनं मोदकाचं लिवलंय. तर त्यांनी पाटीवर लिवलं, ही पोरगी खोटं बोलतीया, पलटणीत आसंच पत्र यायचं कुनी मेलं की. आन उठून वही काढली.

वल्या फडक्यानं त्यांनी ते पान पुसलं. एकोनीस वर्साचं कुंकू, सुटता सुटंना. खालनं रेघा दिसल्या. मग अंगनात काठीनं तीच रांगोळी वडली. हिकडं चौकी, हिकडं रस्ता, हिकडं घाना. मधल्या फुलीवर काठी टेकवली आन तिथंच बसले. ऊन डोक्यावर आलं तरी हललं न्हाईत. कुत्रं आलं त्येला जवळ घेऊन बसले. परवापासनं घरातल्या समद्या दारांच्या कड्या त्यांनी उचकटून काढल्यात. न्हानीची सुदिक.

काय हाय गं त्या वहीत? तू शिकलेली हायस, मला झाकून ठिवू नगंस. पोरी, मी इतकी वर्सं कुंकू वाहत हुते ते कशावर?
तुजी काकी, लीलाबाई


सांगली
९ सप्टेंबर २०२५

ती. तात्या आणि काकी यांस,
सा. न. वि. वि.

मी खोटं लिहिलं, मला क्षमा करा. काल राजमती काकूंकडे जैनांची क्षमावाणी झाली. दहा दिवसांचे उपवास संपवून सगळे एकमेकांपुढे हात जोडतात आणि वर्षभरातल्या चुकांची माफी मागतात. काकू माझ्यापुढेही हात जोडून उभ्या राहिल्या. मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आमच्यात मनात हिंसा नसतानाही बेसावधपणानं जीव गेला तर त्याला प्रमाद म्हणतात, त्याची आलोचना, म्हणजे उघड कबुली, करतात, तो दडवून ठेवत नाहीत. मी विचारलं, पण ते खचतील. त्या म्हणाल्या, तू न सांगितलंस तर एकटे खचतील.

तर तात्या, वलीद ब्राझीलला गेला नव्हता. टोळीवाले त्याला शोधत होते आणि तुमचा दुभाषी त्यांना बातम्या द्यायचा. म्हणून मास्तरांनी भावाला घाण्याखालच्या तेलाच्या जुन्या हौदात लपवला होता. रोजची ती भाकरी त्याची होती. हौदाला वर दगडी झाकण होतं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर असं आहे: 'झाकण आतून हलत नाही. मला काही झाले तर उघडणारा कोणी हवा. चौकीवरचा हिंदी हवालदार भला माणूस दिसतो. त्याला नकाशा दाखवून भाऊ त्याच्या हवाली करतो.' अमानत वही नव्हती, तात्या.

तुम्ही कपाळ टेकवलंत ते त्यांना वचन वाटलं. त्यात तुमचं कपट नव्हतं, माझ्यापुरता मी हा निवाडा शंभर वेळा करून पाहिला. पण मास्तरांचेच धडे मी वर्षभर वाखाणत वाचणार होते, त्यामुळे काही झालंच नाही असं मला म्हणता येत नाही. माझंही सांगते. भावाचं पहिलं पान आलं तेव्हा माझ्या मनात आधी प्रकरणाचा विचार आला, माणसाचा नंतर. त्याची मला लाज वाटते. ते प्रकरण मी बाजूला ठेवलं आहे.

मी रविवारी येते. तोवर काकी, त्यांना एकटं सोडू नका. तुम्ही कुंकू वाहिलंत ते एका माणसावर वाहिलंत, एवढंच मला म्हणता येतं.

तुमची माया माझ्यावर होती तशीच असू द्या.
सृष्टी


मळा, ता. कराड
३ ऑक्टोबर २०२५

चि. सृष्टी हीस,
आशीर्वाद. तू आलीस तेव्हा मी तोंड फिरवून बसलो. तो राग तुझ्यावर नव्हता. तू खरं लिहिलंस हे बरं केलंस. त्या जैन बाईंना माझा नमस्कार सांग.

काल दसरा झाला. वही देव्हाऱ्यात ठेवली न्हाई, तलवारीची पूजाबी केली न्हाई.

आता तुला काम सांगतो, ते हुकूम समजून कर. त्या गावाला अरबीत पत्र लिही. सरपंच असेल, शाळा असेल, मिळेल त्याला. नकाशाची नक्कल जोड. लिही की घाण्याखाली दगडी झाकण आहे, ते उचला आणि आत जो आहे त्याला त्याच्या भावाशेजारी माती द्या. खाली माझं नाव, नंबर, हुद्दा सगळं घाल. नेमकं काय झालं ते लिही, मला कळलं न्हाई आणि मी विचारलंबी न्हाई, असंच लिही. सही करायला माझ्याकडं पाठव. वही त्यांच्या शाळेची, ती मागाहून जाईल. आणि ते प्रकरण बाजूला ठेवू नको. मास्तरचे धडे चांगले होते. त्याचं नाव घाल आणि पुढं काय झालं तेबी घाल, माझ्या नावासकट.

पासपोर्टाचं विचारायला कराडला गेलो होतो. या कानांनी आणि या वयात कोण सोडणार, पण अर्ज दिलाय.

तिथनं तसाच पलूसला गेलो, इंद्रजितकडं. मला बघून तो हसला आणि सवयीनं खुर्चीवर बोटानं ठकठक करून दाखवली, आमची जुनी चेष्टा. मी पाटी मागून घेतली. तोंडानं सांगायचं मला जमलं नसतं, म्हणून लिहिलं, तुझे कान चांगले होते रं. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं. मग त्याचं ते बोट तसंच खुर्चीवर राहिलं. तेवढंच सांगायला गेलो होतो. चहा न घेता आलो.

पत्राचा मसुदा लवकर पाठव. तुझ्यावर जीव आहे, तो आहे तसाच आहे.
तुझा तात्या, नाथाजी